वजन उतरवायचं, ताकद नाही

जिममध्ये जाऊन "वजन कमी करायचंय" असं म्हटलं की ट्रेनरचं ठरलेलं उत्तर येतं. "मग आता वेट हलकं करा आणि रेप्स वाढवा. पंचवीस-तीस मारा, मस्त कटिंग होईल." सोबत पाऊण तास ट्रेडमिल आणि रात्रीचं जेवण बंद. तीन महिन्यांनी त्या लग्नाळू सॉफ्टवेअरवाल्याचे गाल बसलेले असतात, दंड गायब झालेले असतात आणि पोट मात्र बऱ्यापैकी जागेवर असतं. काटा मात्र आठ किलो कमी दाखवतोय, म्हणून सगळे खूष!

हा सल्ला इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे ऐकलाय, की त्याच्या मागे इतिहास काय आहे ते बघावंसं वाटलं. बघता बघता कोल्हापूर, औंध, शिकागो, मिनेसोटा अशी बरीच भटकंती झाली. म्हणून ह्या वीकेंडचा लेख जरा इतिहासाचा आहे, पण घाबरू नका, सनावळी पाठ करायची नाहीये.

तालमीत वजनकाटा नव्हता

आपल्याकडच्या तालमीला वजन कमी करणं हा प्रश्न कधी फारसा पडलाच नाही. मातीतल्या कुस्तीत वजनगट नसायचे. जोड लावायची ती नजरेनं, अंगापिंडानं आणि नावलौकिकानं. शाहू महाराजांनी कोल्हापूरला पैलवानांना आश्रय दिला, खासबाग मैदान बांधलं (ते १९१२ साली पूर्ण झालं), त्या काळात पैलवानाचं वजन म्हणजे त्याचं भांडवल. दूध, तूप, बदाम, थंडाई असा खुराक घ्यायचा आणि जोर-बैठका शेकड्यांनी काढायच्या. खाणं भरपूर आणि व्यायामही भरपूर, त्यामुळे हिशेब जुळायचा.

आता ह्यातला एकच भाग उचलला तर काय होतं बघा. व्यायाम तसाच शेकड्यांनी ठेवला आणि खुराक काढून घेतला, तर हिशेब बोंबलतो. आजचा 'वेट हलकं, रेप्स जास्त, जेवण बंद' हा फॉर्म्युला नेमका हेच करतो.

औंधचे राजे आणि सँडो

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युजीन सँडो नावाच्या पैलवानाचं युरोपात प्रचंड नाव होतं. १८९७ साली त्याचं ताकद कशी कमवावी ह्यावरचं पुस्तक आलं. घरच्या घरी, हलके डंबेल्स, भरपूर आवर्तनं आणि स्नायूवर मन एकाग्र करणं, अशी साधारण त्याची पद्धत. १९०५ साली तो हिंदुस्थानात दौऱ्यावरही येऊन गेला. पोस्टानं शिकवता येणारा हा पहिल्या काही व्यायामांपैकी एक. म्हणजे त्या काळातला ऑनलाइन कोर्सच म्हणा ना!

सँडोच्या गिऱ्हाइकांमध्ये एक मराठी नाव होतं: औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. त्यांनी सँडोची पुस्तकं आणि उपकरणं मागवून जवळजवळ दहा वर्षं तो व्यायाम नेमानं केला. पुढे मिरजेच्या राजांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि मग तेच त्यांच्या आयुष्याचं काम झालं. औंध संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले, पुस्तकं लिहिली, आणि १९३८ साली तर लंडनमध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. आज जगभर जे सूर्यनमस्कार घालतात त्यात औंधचा वाटा मोठा आहे.

नमस्कार उत्तम व्यायाम आहे ह्यात वाद नाही. पण वजन कमी करणाऱ्या माणसासाठी त्यात (आणि जोर, बैठका, पुलअप्स सगळ्यांतच) एक छुपी अडचण आहे. इथे वजन म्हणजे तुमचं स्वतःचं शरीर. साधा जोर काढताना हातांवर शरीराच्या साधारण दोन-तृतीयांश भार येतो. ८५ किलोचा माणूस ७५ वर आला, तर प्रत्येक जोरात सहा-साडेसहा किलो आपोआप कमी झाले. म्हणजे तुम्हाला न सांगता कुणीतरी रोज बारवरची प्लेट काढून ठेवतंय! जोर पूर्वीपेक्षा सोपे वाटतात, संख्या वाढते, आपण म्हणतो वा, ताकद वाढली. प्रत्यक्षात भार घटलेला असतो. दहा किलो उतरल्यावर जोर काढताना पाठीवर पुस्तकं भरलेली सॅक चढवली की हा हिशेब थोडाफार परत जुळतो. तालमीत दगडी नाल आणि मुद्गल होतेच की. अंगाबाहेरचं वजन पेलायची सोय आपल्याकडे कधीच कमी नव्हती.

१९४५: एकाच वर्षी दोन प्रयोग

आता अमेरिकेत चला. ह्या गोष्टीचा सगळ्यात रंजक भाग इथे आहे.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर काम करत होता. समोर गुडघे आणि मांड्या जायबंदी झालेल्या सैनिकांची रांग. तोपर्यंतचा रिवाज म्हणजे हलका, सावकाश व्यायाम. डीलॉर्म स्वतः वेटलिफ्टिंग करणारा. त्यानं उलटं केलं. रुग्णाला जेमतेम दहाच वेळा उचलता येईल इतकं जड वजन दिलं आणि ताकद वाढेल तसं वाढवत नेलं. सैनिक भराभर बरे होऊ लागले. १९४५ साली त्याचा निबंध छापून आला आणि 'हळूहळू भार वाढवत नेणं' ही कल्पना डॉक्टरांच्या जगात शिरली. आज जिममध्ये आपण दहा-दहाचे तीन सेट मारतो ना, ते ह्याच माणसामुळे.

पण गंमत पुढे आहे. सुरुवातीला डीलॉर्म एका व्यायामाचे सात ते दहा सेट करून घ्यायचा, म्हणजे सत्तर ते शंभर आवर्तनं. १९४८ साली त्यानं आणि वॉटकिन्सनं सुधारित पद्धत मांडली: वीस ते तीस आवर्तनं पुरेत. संख्या निम्म्याहून खाली आणली, आणि शेवटच्या सेटचं वजन? तेवढंच जड! हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच १९४५ मध्ये, शिकागोहून काहीशे किलोमीटरवर, मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांत अगदी वेगळा प्रयोग चालू होता. युद्धामुळे युरोपात उपासमार झाली होती. भुकेल्या माणसांना परत कसं उभं करायचं हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. अॅन्सेल कीज ह्या शास्त्रज्ञानं युद्धात लढायला नकार दिलेले ३६ तरुण स्वयंसेवक घेतले आणि त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. दिवसाला सरासरी १५७० कॅलरीज. पाव, बटाटे, सलगम, कोबी, मॅकरोनी. प्रथिनं बेताची. शिवाय आठवड्याला २२ मैल चालणं सक्तीचं.

ओळखीचं वाटतंय का काही? कमी जेवण, कमी प्रथिनं, भरपूर चालणं आणि जड काहीही उचलायचं नाही. आपल्या लग्नाळू मित्राचा डाएट प्लॅन ह्याहून फार वेगळा नसतो. फक्त त्याच्यावर कुणी संशोधन करत नाही.

सहा महिन्यांत ह्या मुलांचं वजन सरासरी ६९ किलोंवरून ५३ च्या आसपास आलं. ताकदही साधारण पाव ते एक-तृतीयांश गेली. जिने चढणं जड झालं, थंडी सहन होईना, डोक्यात सतत अन्न. कीजचा १९५० साली आलेला दोन खंडी ग्रंथ ह्या तपशिलांनी भरलेला आहे. आणि खरा धडा तर नंतरचा. परत पोटभर खायला मिळाल्यावर चरबी आधी भरून आली आणि मूळ पातळीच्याही वर गेली. स्नायू मात्र मागून रखडत आले. क्रॅश डाएटनंतर 'वजन परत आलं आणि वर दोन किलो जास्त' असं जे होतं, त्यात नुसती इच्छाशक्ती कमी पडते असं नाही. शरीर आपले गमावलेले स्नायू परत मागत असतं.

एकीकडे भार वाढवून ताकद परत मिळवणारा डॉक्टर आणि दुसरीकडे भुकेनं ताकद कशी जाते ते मोजणारा शास्त्रज्ञ. उत्तराचे दोन्ही अर्धे भाग एकाच वर्षी, एका रात्रीच्या रेल्वेप्रवासाच्या अंतरावर तयार होते. ते नीट जोडायला मात्र पुढची काही दशकं गेली.

दोन नॉब

इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर स्ट्रेंथ ट्रेनिंगला दोन मुख्य नॉब आहेत. एक भार, म्हणजे बारवर किती किलो. दुसरा आकारमान, म्हणजे किती सेट आणि आठवड्यातून किती दिवस. खाणं कमी केलं की शरीराची दुरुस्ती करायची ऐपत कमी होते, त्यामुळे कुठला तरी एक नॉब खाली आणावाच लागतो. प्रश्न एवढाच की कुठला?

२०११ साली अमेरिकेतल्या अलाबामात बिकेल आणि सहकाऱ्यांनी ह्यावर सुंदर प्रयोग केला. लोकांकडून १६ आठवडे पायांचा जोरदार व्यायाम करून घेतला. मग पुढचे ३२ आठवडे काहींना व्यायाम एक-तृतीयांशावर, काहींना थेट एक-नवमांशावर आणायला सांगितलं. बारवरचं वजन मात्र जडच. तरुणांमध्ये एक-नवमांश व्यायामावरही कमावलेले स्नायू आणि ताकद टिकून राहिली. साठीच्या पुढच्यांमध्ये ताकद टिकली, पण स्नायूंचा आकार टिकवायला एवढा व्यायाम कमी पडला. हे लोक डाएटवर नव्हते हे खरं. पण मिळवायला जेवढे कष्ट लागतात त्याच्या अगदी थोड्या कष्टात टिकवता येतं, एवढं ह्यातून स्पष्ट होतं.

डाएटवरच्या लोकांचं काय? २०२२ साली मर्फी आणि कोहलर ह्यांनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले. कॅलरीज कमी खात व्यायाम केला तर स्नायू वाढायचं प्रमाण घटतं, आणि तूट रोज ५०० कॅलरीजच्या आसपास गेली की वाढ थांबते. पण ताकद? ती मात्र तुटीतही वाढत राहिली. म्हणजे 'डाएट चालू आहे म्हणून हलकं उचलतोय' ही सबब शास्त्राच्या दरबारात टिकत नाही.

घाई किती करावी ह्याचंही उत्तर आहे. नॉर्वेत २०११ साली गार्थे आणि सहकाऱ्यांनी खेळाडूंचे दोन गट केले. एकानं आठवड्याला वजनाच्या ०.७ टक्के उतरवायचं, दुसऱ्यानं १.४ टक्के. स्ट्रेंथ ट्रेनिंग दोघांनाही. हळू जाणाऱ्यांचे स्नायू चक्क वाढले, घाई करणाऱ्यांचे आहे तिथेच राहिले. ७५ किलोच्या माणसाला ०.७ टक्के म्हणजे आठवड्याला अर्धा किलो.

रापण आणि ताटातला बांगडा

मी मूळचा मालवणचा, त्यामुळे भार म्हटलं की मला डंबेलच्या आधी रापण आठवते. होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं टाकून येतात आणि मग किनाऱ्यावर दोन्ही बाजूंना माणसं रांगेनं उभी राहून दोर ओढतात. वाळूत टाचा रोवून, अंग मागे टाकून. मासे थोडे असोत की जास्त, जाळ्याला ओढणाऱ्याचं वजन माहीत नसतं. तुम्ही चार किलो बारीक झालात म्हणून समुद्र काही जाळं हलकं करत नाही. स्नायूला कळणारी भाषा हीच आहे. 'हा भार उद्याही येणार आहे' असं कळलं तर तो स्वतःला जपतो. भारच यायचा बंद झाला तर टंचाईच्या दिवसांत शरीर त्याला कशाला पोसेल? खर्चकपात आली की बिनकामाचा माणूस आधी जातो, हे आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट ताटातली. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात लाँगलंड आणि सहकाऱ्यांनी (२०१६) ४० तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी खायला दिलं आणि व्यायाम कसून करून घेतला. एका गटाला दर किलो वजनामागे १.२ ग्रॅम प्रथिनं, दुसऱ्याला २.४. पहिल्या गटाची चरबी ३.५ किलो गेली, दुसऱ्याची ४.८. आणि दुसऱ्या गटाचं चरबीविरहित वजन एवढ्या उपासातही १.२ किलोंनी वाढलं. रोजच्या व्यवहारात १.६ ग्रॅमच्या आसपास लक्ष्य ठेवलं तरी खूप झालं. ७५ किलोला १२० ग्रॅम.

एवढं कुठून आणायचं म्हणून डबेच विकत घ्यायला हवेत असं नाही. दोनशे ग्रॅम बांगडा म्हणजे ३८-४० ग्रॅम प्रथिनं. चार अंडी २४. पन्नास ग्रॅम कुळीथ ११, तेवढीच तूरडाळ ११. दूध आणि दही मिळून २०. उरलेली भाकरी-भातातून येतात. कुळथाची पिठी आणि बांगडा ह्यांना आपण गरिबाघरचं जेवण म्हणत आलो, आणि आता त्याच आकड्यांसाठी परदेशी डब्यावरचं लेबल वाचतो! शाकाहारी मंडळींनी पनीर, सोयाबीन, ताक आणि डाळी वाढवाव्यात, हिशेब तोच.

मग करायचं काय?

समजा तुम्ही आठवड्यातून चार दिवस जाता आणि ८० किलोनं पाच-पाचचे पाच सेट स्क्वॉट मारता. डाएट सुरू झाल्यावर ८० किलो तसेच ठेवा. सेट पाचाचे तीन करा, फार थकवा आला तर दोन. दिवस चाराचे तीन, गरज पडली तर दोन. आधी सेट कमी, मग दिवस, आणि बारवरच्या किलोंना हात सगळ्यात शेवटी. दोन सेटमध्ये विश्रांती जरा जास्त घ्या, घाई कसलीच नाही. झोप मात्र कापू नका, रिलीजच्या आठवड्यातसुद्धा.

आणि एक वही ठेवा. त्यात दोनच आकडे: आठवड्याचं सरासरी वजन आणि मुख्य व्यायामांत उचललेले किलो. पहिला हळूहळू खाली आणि दुसरा स्थिर, तर सगळं ठीक चाललंय. दोन आठवडे लागोपाठ दुसराही खाली जायला लागला, तर बारवरची प्लेट काढण्याआधी ताटात थोडं वाढून घ्या. तुम्ही फार वेगानं उतरताय.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना तर सोन्याची संधी आहे. त्यांची ताकद डाएटमध्येही महिनोन्‌महिने वाढत राहू शकते. त्यांनी टिकवण्याचा विचारच करू नये, फॉर्म सांभाळून भार हळूहळू चढवावा.

५२ आणि ५७

आता शेवटी गोळेश्वर. कऱ्हाडजवळच्या ह्या गावात १९२६ साली खाशाबा जाधव जन्मले. मातीत वाढलेल्या ह्या पैलवानाला वजनकाटा भेटला तो ऑलिंपिकमुळे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट म्हणजे ५२ किलो गटात उतरले, मॅटची आणि आंतरराष्ट्रीय नियमांची सवय नसताना सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपलं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. १९५२ च्या त्या स्पर्धेत खाशाबा बँटमवेट म्हणजे ५७ किलो गटात लढले आणि ब्राँझ घेऊन आले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाडला त्यांची १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

काट्यावर पाच किलो जास्त, आणि निकाल तीन क्रमांकांनी वर. ह्यात अनुभव, सराव, मॅटची ओळख सगळं आलं, त्यामुळे 'वजन वाढलं म्हणून पदक मिळालं' असा बाळबोध निष्कर्ष मी काढत नाही. पण कमी आकडा म्हणजे चांगला आकडा, हे समीकरण तरी इथे मोडतं.

काट्याची दुसरी बाजूही कुस्तीनंच दाखवली आहे. १९९७ साली अमेरिकेत महिन्याभरात तीन कॉलेजकुमार कुस्तीगीर घाम गाळून वजन उतरवताना मेले, तेव्हा तिथले नियम बदलले. ७ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगट फायनलच्या सकाळी ५० किलोंवर १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. त्यानंतर दोन दिवसांनी अमन सेहरावतनं ब्राँझ जिंकलं. सेमीफायनलनंतर त्याचं वजन ६१.५ किलो झालं होतं, दहा तासांत ४.६ किलो उतरवून तो मॅटवर आला. त्याचा गट कुठला माहितेय? ५७ किलो. बहात्तर वर्षांपूर्वीचा खाशाबांचाच.

ते ४.६ किलो म्हणजे मुख्यतः पाणी. खेळाडूला ते करावं लागतं, कारण त्याच्यासमोर काटा आहे आणि नियम आहे. तुम्हाआम्हाला कुठलाही पंच काट्यावर उभं करत नाही. लग्नाच्या हॉलच्या दारात वजन करून आत सोडत नाहीत. मग आपण का पाण्याचे, स्नायूंचे आणि चरबीचे किलो एकाच मापात मोजून खूष व्हायचं? वजन कमी करा, जरूर करा. पण कमी काय झालं हे काट्याला विचारू नका, बारला विचारा.

ता.क. ब्लडप्रेशर, मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी आणि जड उचलण्याआधी डॉक्टरांना विचारा. ट्रेनरला नाही!